मेंढी जवळ घेते तेव्हा

१

आमच्या घरी कुठे बाहेर जायचं ठरलं की निघायच्या आधी एक भांडण होतं, आणि भांडणाचा विषय नेहमी स्वेटर असतो. आई म्हणते घाला, खारू म्हणते नाही, बाबा म्हणतात मी गाडी सुरू करून ठेवतो. मी तोवर स्वेटर घालून दाराशी उभी असते. मला भांडायला जमत नाही. मोठ्याने करायच्या कुठल्याच गोष्टी मला जमत नाहीत. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज मधेच कुठेतरी बसतो. म्हणून बाबा मला ‘मौनीबुवा’ म्हणतात.

खारू माझी धाकटी बहीण, सहा वर्षांची. ती दोन्ही गालांत घास साठवते आणि तशाच भरल्या तोंडाने प्रश्न विचारते. खारूताईची खारू झाली ती अशी. तिचे प्रश्न झोपेतही थांबत नाहीत. आमची खोली एक आहे, म्हणून मला माहीत.

स्वेटर आईने विणलेले. माझा राखाडी, तिचा पिवळा. आई कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करते आणि माणसाचं माप नुसत्या नजरेने सांगते. रस्त्यात एखादी बाई समोरून गेली की माझ्या कानाशी लागते, ‘‘बघ, डावा खांदा अर्धा इंच उतरलाय.’’ खारूचं भांडण स्वेटरच्या सगळ्यात वरच्या बटणावरून होतं. ते लावलं की गळा आवळतो, असं तिचं म्हणणं. शेवटी बटण उघडं ठेवायचं ठरलं आणि आम्ही निघालो.

मेंढ्यांच्या त्या फार्मवर जायचा बेत बाबांचा होता. ते लिफ्ट दुरुस्त करतात. सुट्टीच्या दिवशी त्यांना कुठलंही बटण दाबायचं नसतं.

फार्म खराच चालता होता, नुसता दाखवायला मांडलेला नव्हता. फाटकाशी जंतुनाशकाचा उथळ ट्रे होता, त्यात प्रत्येकाने बूट बुडवून मगच आत जायचं. तिकीट खिडकीशेजारी दिवसाचा कार्यक्रम खडूने लिहिला होता: अकराला लोकर कातरणं, दोनला कोकरांना बाटलीने दूध, दिवसभर कोकरांची शेड. संध्याकाळी पाचला बंद.

‘‘पाचला मेंढ्या कुठे जातात?’’ खारूने विचारलं.

‘‘घरी,’’ बाबा म्हणाले. ‘‘मग टीव्ही बघतात.’’

२

कोकरांची शेड लांबलचक होती. दोन्ही बाजूंना फळ्यांचे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात पेंढा, एक मेंढी आणि तिची पिल्लं. ओली लोकर, दूध आणि कसलंतरी औषध, असा मिसळलेला वास येत होता. मधल्या वाटेवर दहा-बारा माणसं घोळका करून उभी होती आणि मेंढपाळ बाई त्यांना काहीतरी दाखवत होती. हिरव्या कामाच्या कपड्यातली, रुंद हातांची, हसऱ्या चेहऱ्याची बाई. तिला पाहून भीती वाटावी असं काहीही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय.

‘‘या मेंढीचं पिल्लू आज पहाटे मेलं,’’ ती म्हणाली. ‘‘आणि त्या पलीकडच्या मेंढीला तीन झालीत. तिला दूध दोघांपुरतंच आहे. मग आम्ही काय करतो?’’

तिने एका कोकराला उचलून वर धरलं. आधी वाटलं त्याने कोट घातलाय. मग कळलं, की ते दुसऱ्या कोकराचं कातडं होतं. मेलेल्या पिल्लाचं अख्खं सोलून काढलेलं, पायांसाठी चार भोकं ठेवलेली. आपण बिनबाह्यांचा स्वेटर चढवतो तसं त्याला चढवलं होतं.

काही जण ‘ई’ म्हणाले. आई पुढे झुकून पाहत होती. ‘‘खांद्यात ढगळ झालंय,’’ ती पुटपुटली.

बाईला ते ऐकू गेलं. ‘‘ती माप बघत नाही हो. ती हुंगते.’’

तिने कोकराला कप्प्यात सोडलं. मेंढीने डोकं खाली करून रोखून पाहिलं, एकदा पाय आपटला. मग नाक त्याच्या शेपटीपाशी नेलं, पाठीवरून फिरवलं, पुन्हा शेपटीपाशी नेलं. आणि तोंड न उघडता घशातल्या घशात एक आवाज काढला. खोल, थरथरता, सलग. कोकरू पोटाखाली शिरलं आणि दूध पिऊ लागलं.

‘‘घेतलं जवळ,’’ बाई म्हणाली. ‘‘हा आवाज ती फक्त स्वतःच्या पिल्लासाठी काढते. तो आला की आम्ही निश्चिंत.’’

‘‘मेलेल्या कोकराला आता थंडी वाजेल का?’’ खारूने विचारलं. सगळे हसले.

‘‘नाही वाजणार.’’

‘‘आणि याची खरी आई? तिला कळणार नाही एक कमी झालं ते?’’

‘‘मेंढीला मोजता येत नाही, बाळा.’’

‘‘मग तिने त्याला पुन्हा पाहिलं तर?’’

‘‘पाहिलं तरी काय? याला आता दुसरा वास लागला. म्हणून तर आम्ही हातमोजे घालतो. औषधाचा वास लागला, परका वास लागला, की सख्खी आईसुद्धा डोक्याने ढकलून लांब करते.’’ मग तिने आईकडे पाहिलं. ‘‘गोड आहे हो तुमची. किती मुलं?’’

‘‘दोन,’’ बाबाच म्हणाले. ‘‘ही एक चार जणींच्या बरोबरीची आणि दुसरी असून नसल्यासारखी.’’ आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

बाबा चांगले आहेत. तो विनोद होता. मी पण हसले.

३

दुपारी दोनला कोकरांना दूध पाजताना खारूच्या बाटलीचं बूच निसटलं आणि सगळं दूध तिच्या अंगावर सांडलं. स्वेटर पुढून चिंब, पॅन्टवर ओघळ, बूट पांढरे. ती रडली नाही, तिने विचारलं, ‘‘आता कोकरू काय पिणार?’’

मेंढपाळ बाई लगेच आली. ‘‘चल, धुऊन देते. आत गरम पाणी आहे.’’

आईच्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या. ती मला म्हणाली, ‘‘अगं, तू जा ना तिच्याबरोबर.’’

मी गेले. शेडच्या मागच्या टोकाला एक दार होतं. दारापाशी बाई वळली आणि म्हणाली, ‘‘तू इथेच थांब हं, आत ओलं आहे.’’

मला म्हणायचं होतं, मी येते. वाक्य तयार होतं, दोनच शब्दांचं. मी म्हटलं, ‘‘बरं.’’

दार लागलं. मी बाहेर थांबले. शेजारच्या भिंतीवर ओळीने खुंट्या होत्या आणि त्यांवर लहान मुलांचे कपडे लटकवलेले होते. जाकिटं, झबली, एक टोपीचा कोट, एक शाळेचा स्वेटर. लोक विसरून जातात, इथे ठेवत असतील, असा विचार मी केला. आमच्या शाळेतही अशी पेटी आहे. फक्त इथले सगळे कपडे उलटे केलेले होते. आतली बाजू बाहेर, शिवणी दिसताहेत. वाळायला टाकताना आईही उलटेच टाकते. पण हे वाळलेले होते, कडकडीत, आणि त्यांवर धूळ होती.

दारातून पाण्याचा आवाज येत होता आणि खारूचाही. ‘‘हे पाणी निळं का आहे? डोक्यावर पण ओतायचं? दूध डोक्यावर कुठे सांडलंय? तुम्ही हातमोजे का घातले?’’ मला बरं वाटलं. ती प्रश्न विचारतेय म्हणजे सगळं ठीक आहे, हे घरातलं आमचं माप आहे.

मग तिने विचारलं, ‘‘ही कोण?’’

आणि त्यानंतर पाणी बंद झालं.

समोरच्या घड्याळात मी दहा मिनिटं मोजली. दार ठोठावावं म्हणून दोनदा हात वर केला. दुसऱ्या वेळी दार उघडलं आणि खारू बाहेर आली. अंगात पिवळा स्वेटर, खाली फार्मची निळी पॅन्ट. केस नीट विंचरलेले, कोरडे.

स्वेटरही कोरडा होता. आत हीटर असेल, असं मी मनाशी म्हटलं. लोकरीच्या जागी वाळवायची सोय असणारच. मी तिचा हात धरला. हात उबदार होता.

स्वेटरचं सगळ्यात वरचं बटण लावलेलं होतं.

४

ती आईकडे धावत गेली आणि तिने आईच्या पोटात डोकं खुपसलं. आई नेहमीसारखी वाकली, तिच्या टाळूला नाक लावलं आणि हसली. ‘‘माझं पिल्लू गं ते. भूक लागली ना?’’

आम्ही बाकांवर बसून डबे उघडले. सँडविच, उकडलेली अंडी, सफरचंदाच्या फोडी, बिस्किटं. आईने तिच्या हातात बिस्किट दिलं. तिने मूठ मिटली. आम्ही जेवण संपवलं तेव्हा मूठ तशीच होती. उघडली तर आत पिठासारखा भुगा.

‘‘हे काय गं?’’ आई म्हणाली आणि तिचा हात पुसला. रागावली नाही.

‘‘बॅटरी संपली खारूची,’’ बाबा म्हणाले. ‘‘अर्ध्या तासात एक प्रश्न नाही. तिकिटात हेही धरलंय की काय?’’

‘‘असू दे हो. कधी नव्हे ते शांत बसलीये.’’

मी समोर बसून पाहत होते. नाक तेच. भुवईवरचा पडल्याचा व्रण तोच. उजवा कान जरा बाहेर आलेला, तोही तोच. मी स्वतःलाच समजावत होते, की अंघोळीनंतर लहान मुलं मंद होतात, की अनोळखी बाईने धुतलं म्हणून ती बुजली असेल. माझ्यापेक्षा ते जास्त कोणाला कळणार? मी स्वतः आयुष्यभर बुजलेली आहे.

आई-बाबा चहा आणायला गेले तेव्हा मी हळूच विचारलं, ‘‘खारू, माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात काय आहे?’’

तिथे काडेपेटीत एक मेलेला हिरवा भुंगा आहे. हे आम्हा दोघींनाच माहीत आहे. त्याला नाव आहे, वाढदिवस आहे.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘आतल्या कप्प्यात.’’

‘‘हो, पण काय?’’

‘‘तूच सांग ना.’’

सहा वर्षांची कुठलीही मुलगी असं म्हणू शकते. मला कळत होतं ते. तरी मी हात पुढे केला आणि वरचं बटण काढू लागले. ती हलली नाही, ओरडली नाही. बटण निघालं. मी बोट आत घातलं. आत बनियन असायला हवी होती, नाहीतर कातडी. बोटाला आईची वीण लागली. दोन सुलट, दोन उलट. मी बोट अजून आत सरकवलं. तिथेही वीण होती. त्याच्याही आत वीण, आणि ती आतून ऊन होती.

हातावर चापट बसली. ‘‘काय चाललंय तुझं? वारा किती सुटलाय!’’ आई म्हणाली. तिने बटण लावून टाकलं आणि त्या मुलीला मांडीवर घेतलं.

तेव्हा तो आवाज सुरू झाला. खोल, थरथरता, सलग.

‘‘कुठेतरी मोटर चालू आहे,’’ बाबा चहा ढवळत म्हणाले. ‘‘बेअरिंग गेलंय तिचं. आपोआप बंद पडेल.’’

मी आईकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. तिचा गळा थरथरत होता.

५

साडेचारला कर्ण्यावरून सूचना झाली, की अर्ध्या तासात फार्म बंद होईल. मी म्हटलं, बाथरूमला जाऊन येते. कोणी मान वर केली नाही.

शेड रिकामी झाली होती, म्हणजे माणसांची. मेंढ्या पेंढ्यात बसून रवंथ करत होत्या आणि मी जाताना एकेक डोकं वळत होतं. मी भरभर चालले. चालताना मनात बोलत होते, की मला ताप असेल, की स्वेटर दुहेरी विणला असेल, की खारू आत्ता आईच्या मांडीवर आहे आणि मी मूर्खासारखी मेंढ्यांत फिरतेय. बोटाच्या टोकाला मात्र अजून ती ऊब होती.

मागच्या टोकाचं दार बंद होतं. त्याच्या शेजारी शेवटचा कप्पा, त्याला वरूनही फळ्या ठोकलेल्या. आत अंधार. मी थांबले. हाक मारायची तर तोंड उघडत नव्हतं.

‘‘ताई?’’ आतून आलं. ‘‘इतका वेळ का लावलास?’’

अडसर साधाच होता, लाकडाचा. मी तो काढला. खारू पेंढ्यात बसली होती, बनियन-पॅन्टवर, केस ओले, चेहऱ्याला पेंढ्याच्या काड्या चिकटलेल्या. अंगाला औषधाचा इतका उग्र वास, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे दोन्ही गाल फुगलेले होते.

‘‘तोंडात काय आहे?’’

‘‘बिस्किट. खिशात होतं. संपू नये म्हणून ठेवलंय. ताई, ती मुलगी कोण होती? तिला तोंड का नव्हतं आधी?’’

मी तिला उचललं. गेल्या वर्षापासून ती मला उचलवत नाही इतकी जड झालीये, पण उचललं.

६

ते तिघं गाडीपाशी पोचले होते. आई दार उघडून उभी होती, मागच्या सीटवर पिवळा स्वेटर दिसत होता.

‘‘आई,’’ मी म्हटलं. आवाज निघाला. मला त्याही घाईत त्याचं नवल वाटलं. ‘‘आई, ही खारू आहे. ही बघ. ती गाडीतली नाहीये.’’

खारूने हात पसरले आणि माझ्या कडेवरून आईकडे झेपावली. आईने तिला सवयीने झेललं. नाक तिच्या डोक्याकडे गेलं.

मग आईचा चेहरा बदलला. राग नव्हता त्यात, ओळखही नव्हती. बसमध्ये कुणी फार जवळ येऊन उभं राहिलं की ती मान जशी मागे घेते, तशी तिने घेतली. खारूला खाली ठेवलं आणि तळहाताने, हळूच, पण सरळ लांब ढकललं.

‘‘कुणाची गं ही?’’ ती मला म्हणाली. ‘‘भिजलीये किती. हिची आई शोधत असेल.’’

‘‘आई, मीच आहे,’’ खारू म्हणाली आणि पुन्हा पुढे गेली. आईने तिला पुन्हा ढकललं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांचे ओठ उघडले होते. ते खारूकडे पाहत होते आणि त्यांच्या कपाळावर ती आठी होती, जी लिफ्टचा नेमका आवाज कुठून येतोय हे कळायच्या आधी पडते. एक क्षण मला वाटलं, आता. मग त्यांनी आईकडे पाहिलं. आई शांत होती. आठी गेली.

‘‘बाळ, हरवलीस का तू?’’ बाबा खारूला म्हणाले, परक्या मुलांशी बोलायच्या आवाजात. ‘‘मौनीबुवा, जा, हिला तिकीट खिडकीवर पोचव. पटकन ये. फाटक बंद करतील.’’

७

तिकीट खिडकी बंद झाली होती. तिच्या मागे भिंतीच्या आडोशाला मी खारूला उभं केलं. ती आता प्रश्न विचारत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती, जणू मला सगळं ठाऊक आहे.

दहा मिनिटं होती. गाडीतल्या मुलीच्या अंगातून पिवळा स्वेटर काढणं शक्य नव्हतं. तो काढून संपलाच नसता. मी भिंतीला टेकले आणि विचार केला. शाळेत फळ्यासमोर उभं केल्यावर मला कधी सुचत नाही. तेव्हा फार स्पष्ट सुचलं.

मी माझा स्वेटर काढला.

‘‘हात वर कर.’’

‘‘तुझा आहे तो.’’

‘‘हात वर कर, खारू.’’

तो तिच्या गुडघ्यांखाली गेला. बाह्या वीतभर लोंबत होत्या. मी माझ्या गळ्यातली ओढणी तिच्या ओल्या केसांवर घट्ट बांधली आणि माझं डोकं, मान, गाल सगळं तिच्यावर घासलं. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती एकदा हसलीही.

‘‘आता बोलायचं नाही,’’ मी सांगितलं. ‘‘घरी जाईपर्यंत एक शब्दही नाही. माझ्यासारखं राहायचं. जमेल?’’

‘‘मग तू कशी येणार?’’

‘‘मी मागून येते.’’

‘‘का?’’

‘‘खारू. बोलायचं नाही.’’

भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मी तिचा हात धरून गेले. पुढे ती एकटी गेली, स्वेटरच्या काठात पाय अडखळत, बाह्या झुलवत. मी कोपऱ्यावरून पाहत होते. अर्धा इंच उतरलेला खांदा रस्त्यापलीकडून ओळखणारी माझी आई गुडघ्यांवर बसली, त्या ढगळ राखाडी स्वेटरला तिने जवळ घेतलं आणि ओढणीवर नाक टेकलं.

‘‘कुठे होतीस गं इतका वेळ?’’ ती म्हणाली. ‘‘पोचवलीस का तिला?’’

खारूने मान हलवली. आईचा गळा थरथरू लागला. तो आवाज मला तिथपर्यंत ऐकू आला. कधी, अगदी लहानपणी, माझ्यासाठीही तो झाला असेल.

‘‘बसल्या दोघी?’’ बाबांनी विचारलं.

‘‘बसल्या.’’

मी हाक मारू शकले असते. दिवसात एकदा आवाज निघाला होता, दुसऱ्यांदाही निघाला असता. पण हाक मारली असती तर आई गाडीतून उतरली असती आणि तिने एकेकीला हुंगलं असतं. जागा दोनच होत्या. गाडी वळली तेव्हा मागच्या काचेतून खारू दिसली. तिचे गाल अजून फुगलेले होते. तिच्या शेजारी पिवळा स्वेटर समोर तोंड करून बसला होता.

८

फाटक लावून मेंढपाळ बाई माझ्यापाशी आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती रागावलीही नाही.

‘‘थंडी वाजत असेल,’’ ती म्हणाली. खिशातून हातमोजे काढले आणि एकेक बोट नीट बसवत घातले. ‘‘चल.’’

पाणी निळंच होतं आणि खरंच गरम होतं. तिने माझे केस धुतले, मग कानामागे, मग मान. आई धुते त्याहून हलक्या हाताने. तिने खुंटीवरचा शाळेचा स्वेटर घेतला, झटकला, उलट्याचा सुलट केला आणि मला घातला. तो खांद्यात घट्ट होत होता. त्याला एक वास होता, कुठल्यातरी मुलीच्या अंगाचा, खडूचा आणि झोपेचा.

धुण्याच्या खोलीला आतून दुसरं दार होतं. त्याच्यापलीकडे कप्पे नव्हते. साधी बसायची खोली होती. पडदे ओढलेले, टेबलावर झाकलेलं ताट, एका खुर्चीवर व्यवस्थित घडी केलेलं छोटं पांघरूण. खूप दिवस कुणाची तरी वाट पाहिलेली खोली. खिडकीकडे तोंड करून कोणीतरी बसलं होतं. मला पाठ दिसली, रुंद, आणि पाठीवरचे मोकळे केस, जमिनीपर्यंत. मग मी नजर खाली केली आणि वर केली नाही.

‘‘हलू नकोस,’’ बाई माझ्या मागून कुजबुजली. ‘‘आणि घाई करू नकोस. तिला तिचा वेळ घेऊ दे.’’

दार माझ्या मागे लागलं. खुर्ची करकरली. फरशीवर पावलं आली, माणसाच्या पावलांहून जरा जास्त, आणि माझ्यासमोर थांबली. टाळूवर ऊन श्वास लागला. एकदा स्वेटरच्या खांद्यावर, मग मानेपाशी, मग पुन्हा टाळूवर, लांब.

मी डोळे मिटले. दिवसभर मला नाही नाही त्या गोष्टींची भीती वाटली होती. आता एकच उरली होती. हिनेही मला ढकलून दिलं तर?